माणूस असेपर्यंत वाजवायचं नाही

१२ ऑगस्ट २०२४

आज यांचा आवाज भर बाजारात फाटला. मी अंगणवाडीतून घरी येत होते. यांची दवंडीची रिक्षा पुढच्या चौकात होती, दिसत नव्हती, फक्त भोंगा ऐकू येत होता. "सटाणा शहरातील तमाम बंधू-भगिनींना कळविण्यात अत्यंत दुःख होते की" इथपर्यंत नेहमीसारखं. पण मयताच्या नावावर आवाज घसरला आणि नुसती खरखर झाली. पानटपरीवरची माणसं एकमेकांना विचारायला लागली, "कोण गेलं? कोण गेलं?" यांच्या रिक्षामागे असा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता.

आमच्या गावात यांच्याशिवाय कुणी मरत नाही, असं मी चेष्टेत म्हणते. पाणी एक दिवसाआड येणार, कांद्याचे लिलाव बंद राहणार, यात्रेत कुणाचं पोर हरवलं, सगळं खाजाभाईंच्या तोंडून. पण मयताची वार्ता द्यावी ती यांनीच. हिंदूंकडची अंत्ययात्रा, आमच्याकडचा जनाजा, दोन्हींना आवाज तोच आणि दुःखही तेवढंच. लोक हातातलं काम थांबवून ऐकतात.

घरी आल्यावर विचारलं तर म्हणाले, "धूळ आहे." तंबाखूची पुडी खिशात सरकवताना मी पाहिली. घरात हे तसेही मुके. सगळे शब्द गावात खर्चून येतात आणि माझ्या वाट्याला "चहा" आणि "हं" एवढंच उरतं.

२१ ऑगस्ट

हे नाशिकला जाऊन आले. इथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती. मी येते म्हटलं तर म्हणाले, सुट्टी कशाला घालवतेस, तरन्नुम आहे ना तिकडे. आमची लेक पंचवटीत राहते, जावयाचं तिथं फळांचं दुकान आहे. संध्याकाळच्या एसटीने परत आले ते हातात चिवड्याचं पाकीट घेऊन. घशात साधी गाठ आहे म्हणे. तुकडा काढून तपासायला दिलाय.

तरन्नुमला फोन केला तर तीही तेच म्हणाली, "साधी आहे अम्मी." मग म्हणाली, अब्बूंना दे. हे फोन घेऊन ओट्यावर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. बाप-लेकीचं गूळपीठ पहिल्यापासूनच आहे. चिवडा मात्र छान होता.

२ सप्टेंबर

आज वाल्मीक आप्पा आले. कधीकाळी सोसायटीचे चेअरमन होते, तेही सात-आठ महिनेच, पण अजून गावाने चेअरमन म्हणावं असं त्यांना वाटतं. काठी टेकत ओट्यावर बसले आणि यांना म्हणाले, "खाजा, माझी वार्ता आत्ताच करून ठेव."

मला वाटलं म्हातारा चळला. पण हे हसले नाहीत. शेजारच्या दीपकला हाक मारली. दीपकची स्वतःची मालवाहू रिक्षा आहे, अडीअडचणीला यांचीही चालवतो, आणि त्याच्याकडे चांगला मोबाइल आहे. यांच्याकडे तो जुना बटणांचाच.

आप्पा सांगत गेले. "माझा बाप तुझ्या आवाजात गेला. बायको तुझ्या आवाजात गेली. मी काय हल्ली रिक्षात लावतात त्या मोबाइलच्या बाईच्या आवाजात जाऊ? आणि माजी चेअरमन म्हणायला विसरू नको."

यांनी घसा खाकरला, गरम पाणी प्यायले आणि सरळ बसून बोलले. "माजी चेअरमन श्री. वाल्मीक आप्पा" म्हणताना आवाज असा लागला की मीच चुलीपाशी उभी राहिले. समोर आप्पा जिवंत बसलेत, पायावरचा डास मारतायत, आणि माझ्या डोळ्यांत पाणी. अंत्ययात्रेची वेळ कशी सांगायची यावर अडलं. शेवटी यांनी सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत सगळ्या वेळा वेगवेगळ्या बोलून ठेवल्या. ज्याची जी असेल ती दीपकने जोडायची, आणि सगळं रिक्षाच्या पेन ड्राइव्हमध्ये ठेवायचं.

उठताना आप्पांनी अट घातली. "माणूस असेपर्यंत वाजवायचं नाही. ऐकून बघायलासुद्धा नाही. जित्या माणसाची वार्ता वाजली तर यमाला पत्ता कळतो." यांनी कानाला हात लावून शब्द दिला.

ते गेल्यावर मी पोटभर हसले. हे हसले नाहीत.

११ सप्टेंबर

गावात खूळच निघालंय. गल्लीच्या तोंडाशी गणपतीचा मांडव, आणि माझ्या ओट्यावर म्हाताऱ्यांची रांग. कमळाबाई आल्या, नदीकडच्या. बाकीच्यांची तर नावंही लिहीत नाही. प्रत्येकाला नाव, वाडवडील, मुलं-सुना सगळं बिनचूक हवं. एका आजोबांनी धाकट्या मुलाचं नाव आधी काढायला लावलं, मग परत घालायला लावलं.

आज लंकाबाई आल्या. भाजी विकतात, तोंडाने फटकळ, दम्याने बेजार. ओट्याच्या पायऱ्या चढेपर्यंत त्यांचा जीव वर आला.

"मनं बी करी दे ना भो," यांना म्हणाल्या. "तुना आवाजमा मना मालक गया, मनी सासू गई. मी का फुकट मरू?"

यांनी सुरुवात केली, "अल्पशा आजाराने..."

"अल्पशा नको सांगू! बारा वरीस व्हयनात दमाले. गावले म्हाईत शे."

मग "दीर्घ आजाराने" केलं तर तेही पटेना, म्हणे मी काय अंथरुणाला खिळले होते का, रोज भाजी विकतेय. शेवटी नुसतं "दुःखद निधन" ठेवलं. मी सगळ्यांना चहा करून करून दमले. हे मात्र इतके बोलताना मी कधी पाहिले नाहीत. घसा दुखतो तरी थांबत नाहीत. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल ना, म्हटलं, तर म्हणाले, "होईल विश्रांती."

१८ सप्टेंबर

आज पितृपक्ष सुरू झाला, म्हणून कुणी आलं नाही. या दिवसांत असली कामं करत नाहीत म्हणे. ओटा मोकळा बघून मी म्हटलं, माझंही करून ठेवा.

हे म्हणाले, "तुझं नाही करणार."

"का? मी काय अमरपट्टा घेऊन आलेय?"

"माझ्या तोंडून निघणार नाही."

राग आला. सगळ्या गावाचं तोंडातून निघतं, लंकाबाईंचं निघतं, माझंच अडतं. संसार माझ्याशी केला आणि आवाज गावाला दिला. संध्याकाळी मुद्दाम खिचडी टाकली. त्यांनी मुकाट खाल्ली, वर म्हणाले, "छान झाली." तीसुद्धा खारट झाली होती.

२५ सप्टेंबर

आज मला कळलं.

भाजी घ्यायला गेले होते. लंकाबाईंनी मेथीच्या दोन जुड्या जास्त टाकल्या. मी नको म्हणत होते, तर माझा हात धरून म्हणाल्या, "ले व माय. त्यानी मान कापाले लावतीन, पन जीव वाची जाई. आवाज जाई ते जावो."

मी विचारलं, कुणाची मान. त्या जुड्या परत रचायला लागल्या. मग बाजूची केळीवाली, समोरचा चप्पलवाला, सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि त्या बघण्यातच मला कळलं, काहीतरी मोठं आहे. मग लंकाबाईंनीच सगळं सांगितलं. कॅन्सर. स्वरयंत्र काढणार. पहिल्या खेपेलाच डॉक्टरांना संशय होता. आप्पांना ठाऊक होतं, कमळाबाईंना ठाऊक होतं, दीपकला ठाऊक होतं. सगळं गाव महिनाभर माझ्या हातचा चहा पिऊन गेलं आणि एकाने तोंड उघडलं नाही.

दुष्काळात सरकारी खजिना लोकांना वाटणाऱ्या मामलेदाराला या गावाने देव केलं. त्या गोष्टीचा आम्हा सगळ्यांना अभिमान, मलाही. इथे कुणी उपकार विसरत नाही आणि कुणी गुपितही फोडत नाही, ज्याचं त्याला सोडून बाकी सगळ्यांना सांगतात. लहान गावात राहायचं म्हणजे हे आलंच. पण मी यांची बायको आहे. मला वाटत होतं म्हातारे आपल्या मरणाची तयारी करतायत. ते यांचा निरोप घेत होते.

घरी येऊन यांच्यासमोर मेथी आपटली. म्हटलं, "मला का नाही सांगितलं?" म्हणाले, "तू रडली असतीस तर मला बोलता आलं नसतं."

मग मी रडलेच. हे खरंच काही बोलले नाहीत.

१ ऑक्टोबर

मला एक गोष्ट सुचली, पण ती साधली नाही. मी म्हटलं, गावासाठी एवढं बोललात, माझ्यासाठी काहीतरी बोलून ठेवा. दीपकचा मोबाइल घेऊन येते. काहीही बोला.

दीपकने मोबाइल यांच्यासमोर धरला. हे ताठ बसले, घसा खाकरला आणि म्हणाले, "सटाणा शहरातील तमाम..." आणि थांबले. परत केलं. परत तमाम बंधू-भगिनी. दीपकला हसू आलं, मलाही आलं. हे म्हणाले, "मला असं नाही येत. माणसाशी बोलायचं तर समोर माणूस लागतं, त्या काचेशी काय बोलू?"

"मी समोरच आहे की."

"मग बोलतोय की," म्हणाले, आणि दीपकला घरी पाठवला.

त्यानंतर खूप बोलले. नामपूरच्या बाजारात मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बांगडीवाल्याशी हुज्जत घालत होते, हे मला आज कळलं. आईवेगळे वाढले, म्हणून गर्दीत पोर हरवलं की यांचा जीव खालीवर होतो, हेही आज कळलं. इतकी वर्षं हे सगळं कुठे ठेवलं होतं? ऑपरेशनची तारीख वीसच्या पुढची आहे. तोवर जमेल तसं, यांच्या नकळत, रेकॉर्ड करून घेईन. दीपककडून शिकून घेतलंय.

४ ऑक्टोबर

सकाळीच दवाखान्यातून फोन आला, एक जागा रिकामी झालीय, आजच या, नाहीतर दिवाळीनंतर. दीपकने भाड्याची गाडी आणली. मी कपडे भरले, आधार कार्ड शोधलं, भाकरी बांधली. गाडीत हे पुढे बसले होते, मी मागे. मामलेदाराच्या देवळाशी आल्यावर यांनी हात जोडले आणि दीपकला म्हणाले, "काच खाली कर." एवढंच बोलले. वाटेत सगळा वेळ गप्प. मीही म्हटलं, घशाला त्रास नको.

२० ऑक्टोबर

घरी आलो. मानेत खालच्या बाजूला भोक आहे, त्यातून श्वास घेतात. तिथे ओला रुमाल बांधायचा, ते तरन्नुमने शिकवलं. गाठ सगळी निघाली म्हणतात. जीव वाचला, अल्लाहचे उपकार, हे मी रोज म्हणते.

भेटायला लोक येतात आणि यांच्या कानाशी ओरडून बोलतात. "खाजाभाऽऽई, बरंय काऽऽ?" अहो, ऐकू येतं त्यांना, बोलता येत नाही, हे सांगून मी थकले. हे हसतात. हसण्याचाही आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात.

पाटी आणलीय. शिक्षण चौथीपर्यंतच, सावकाश लिहितात. आज लिहिलं, "चहा". मी म्हटलं, एवढं तर पूर्वीही बोलत होतात. परत खांदे हलले. मी आत जाऊन डाळीच्या डब्यात तोंड घालून रडले.

गावाच्या वार्ता सोडल्या तर रेकॉर्ड काहीच नाही, आणि त्या तर माणूस असेपर्यंत वाजवायच्या नाहीत. तरन्नुमच्या लग्नाच्या व्हिडिओत हे माइकवर पाहुण्यांना जेवायला बोलावतायत, पण फोटोवाल्याने वरून गाणं टाकलंय. ओठ हलतात तेवढे दिसतात.

१७ नोव्हेंबर

कमळाबाई गेल्या. सकाळी दीपक विचारायला आला. मयताच्या घरचे म्हणाले होते, खाजाभाईंचं आहे ना, तेच लावा.

मी पीठ मळत होते. यांना ओट्यावर उन्हाला बसवलं होतं. आणि वळणावरून आवाज आला. "सटाणा शहरातील तमाम बंधू-भगिनींना..."

मी पिठाच्या हातांनी धावत बाहेर आले. तोच, जुना, भरलेला आवाज. भिंतीवर आपटून आमच्या दारात येणारा. शेजारणी पदर डोळ्याला लावून उभ्या राहिल्या, कमळाबाईंसाठी. मी माझ्या नवऱ्यासाठी उभी होते. हे खाली मान घालून ऐकत होते, स्वतःच्या कामाची चूक शोधत असल्यासारखे. रिक्षा लांब गेली, आवाज नदीकडे बारीक होत गेला, आणि मला वाटलं आणखी एक फेरी मारावी.

दुपारी दीपककडून ती वार्ता माझ्या मोबाइलवर घेतली. कमळाबाई गेल्यात, आता वाजवायला हरकत नाही. पण मोबाइलमध्ये तो आवाज पत्र्याचा वाटला, कुणा दुसऱ्याचा. दोनदा ऐकली. तिसऱ्यांदा लावली तर शेजारून हाक आली, "आता कोण गेलं?" यांनी माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला, पाटीवर लिहिलं, "पुरे". मग मीच ती वार्ता मोबाइलमधून पुसून टाकली.

२ जानेवारी २०२५

यात्रा भरलीय. हरवलेल्या पोरांची नावं यंदा दुसरंच कुणीतरी पुकारतंय, फार घाईत बोलतं. हे ओट्यावर बसून ऐकतात आणि अस्वस्थ होतात.

आज सकाळी वाल्मीक आप्पा गेले. झोपेतच.

मी वाट बघत राहिले. दहा वाजले, अकरा वाजले, रिक्षा काही निघेना. दीपककडे गेले. तो म्हणाला, "भाभी, त्यांचा नातू आलाय पुण्याहून, सुयश. तो म्हणाला ग्रुपवर टाकलंय, यात्रेच्या गर्दीत रिक्षा कुठे फिरवता. दुपारी तीनला नेणार आहेत."

मी म्हटलं, "मी आताच त्यांच्या घरून आले. त्यांनी हो म्हटलंय. लाव."

मी त्यांच्या घरी गेलेच नव्हते.

दीपकने तीनची वेळ जोडली आणि निघाला. पाळण्यांच्या गाण्यांतून, भोंग्यांतून तो आवाज वर आला. "माजी चेअरमन श्री. वाल्मीक आप्पा..." भजीवाल्याने झारा थांबवला, असं दीपक नंतर सांगत होता. आमच्या गल्लीतून मी त्याला दोनदा जायला लावलं. दुसऱ्या वेळी यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हाताने विचारलं, घरच्यांना विचारलंस? मी मान हलवली. हो म्हणून.

अंत्ययात्रेला फार माणसं होती म्हणतात. ज्यांच्याकडे मोबाइल नाहीत ती सगळी म्हातारी माणसं काठ्या टेकत आली होती.

४ जानेवारी

सुयश घरी आला. मला वाटलं आता भांडतो. तो यांच्या पाया पडला, माझ्याही पडू लागला. रडत होता. "चाची, आजोबांनी असं काही करून ठेवलंय हे मला ठाऊकच नव्हतं. तुम्ही नसतात तर त्यांची शेवटची इच्छा राहून गेली असती."

तो गेल्यावर शेजारणी म्हणाल्या, शहनाजने गावाची लाज राखली. माझ्याच्याने वर बघवेना. आप्पांची इच्छा माझ्या मनातसुद्धा नव्हती. मला माझ्या नवऱ्याचा आवाज ऐकायचा होता, त्यासाठी मी खोटं बोलले. आणि याहून वाईट गोष्ट अशी की, त्या दिवशी सकाळी आप्पा गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर ते दुःख नव्हतं. आज आवाज येणार, असं आलं. एखाद्या सणाची वाट बघावी तसं.

त्या पेन ड्राइव्हमध्ये अजून किती माणसं आहेत ते मी मनातल्या मनात मोजते. कुणाचं वय काय, कुणाला साखर आहे. देवळापाशी एखादा म्हातारा भेटला, नमस्कार केला, की त्याच्या तोंडाकडे बघताना मला यांचा आवाज ऐकू येतो. मग मी मान वळवते. असली बाई मी नव्हते.

१९ जानेवारी

थंडी कडाक्याची आहे. लंकाबाईंचा दमा उसळलाय. आठवडाभर भाजीच्या गाडीवर नाहीत. आज बघायला गेले तर उशीला टेकून बसल्या होत्या, छातीतून शिट्टी वाजत होती. सून कामावर गेलेली. मी पाणी तापवून वाफ दिली, पाठ चोळली, सुंठ-तुळशीचा काढा करून पाजला.

जरा बरं वाटल्यावर म्हणाल्या, "पोटनी पोर बी इतलं करत नही व माय. माले का इतला जीव लावस?"

मी काढ्याचं भांडं विसळायला घेतलं. त्यांच्या नावाची वार्ता कशी आहे ते मला पाठ आहे. त्यांच्या नावापाशी आवाज किंचित खाली येतो, कारण त्या दिवशी हे हसू दाबत होते. सगळ्यांत चांगली तीच उतरलीय. ती मला ऐकायची आहे. आणि त्या बाईची पाठ चोळताना मी अल्लाहला म्हणत होते, हिला राहू दे, हिला राहू दे, हिला काही झालं तर मला बाहेर धावत जाऊ देऊ नकोस.

घरी येऊन यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. आप्पांच्या घरी गेले नव्हते तेही. हे ऐकत राहिले. माझा हात हातात धरला. मग उठले, फळीवरून खलबत्ता काढला, डब्यातली सुंठ मागितली आणि लंकाबाईंच्या उद्याच्या काढ्यासाठी कुटायला बसले.